कुलपाच्या आतला आवाज

मुळगावच्या वरच्या वाड्यावर सकाळी पाववाल्या पदेराचा भोंगा वाजला की कृष्णनाथ कॉम्प्युटरचं बटण दाबायचा. पदेराची सायकल दारात थांबायची, कमलाक्षी वहिनी गरम उंडे पदरात घेऊन आत यायची, उंडे फळीवर ठेवून चहाचे दोन पेले घेऊन कृष्णनाथच्या खोलीत यायची. एक पेला त्याच्या उजव्या हाताशी ठेवायची. दुसरा स्वतः घेऊन शेजारच्या कदेलीवर बसायची आणि पडद्याकडे बघत राहायची.

"इला, भावजी," ती म्हणायची.

म्हणजे पडद्यावर कुलपाची पट्टी आली. मग कृष्णनाथ कुलूप उघडणारं आपलं वाक्य टाईप करायचा. चांगलं सात-आठ शब्दांचं लांबलचक वाक्य होतं. चुकलं तर वहिनी म्हणायची, "पुन्ना विचारता हां." मग तो पुन्हा टाईप करायचा. थोड्या वेळाने स्पीकरमधून नाकातला, घाईघाईचा आवाज यायचा आणि कॉम्प्युटर बोलू लागायचा. तेवढं झालं की कृष्णनाथला कुणाची गरज नसायची. वहिनी तरी लगेच उठायची नाही. चहा संपेपर्यंत बसायची.

कृष्णनाथला वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून दिसेनासं होत गेलं. आधी संध्याकाळ गेली, मग कडा गेल्या, शेवटी मधलंही गेलं. पणजीजवळच्या अंध मुलांच्या शाळेत तो ब्रेल शिकला, टायपिंग शिकला. पुढे डिचोलीत एका खाण कंपनीच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाला. नुसत्या 'हॅलो'वरून तो माणूस ओळखायचा. बार्जवाला कोण, ट्रकमालक कोण, साहेबांची बायको आज रागात आहे की नाही, सगळं त्याला पहिल्या शब्दात कळायचं. खाणी बंद पडल्या तशी कचेरी ओस पडली आणि फोनही गेले. दोन वर्षं तो घरी बसून होता. मग पणजीतल्या एका संस्थेत त्याला काम मिळालं. ही संस्था फोनवरून लोकांची दुःखं ऐकून घ्यायची. बोलणाऱ्याची परवानगी असेल तर बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायची आणि नंतर नावगाव गाळून ते टाईप करून घ्यायची. ऐकायचं आणि टाईप करायचं हे काम कृष्णनाथच्या वाट्याला आलं. कोकणी, मराठी, मालवणी, जे येईल ते. घरी बसून.

संस्थेची अट एकच होती: कॉम्प्युटरच्या डिस्कला कुलूप पाहिजे. डिस्क म्हणजे आतली ती चकती, जिच्यावर सगळं साठून राहतं. वाक्य बरोबर दिल्याशिवाय तिच्यावरचा मजकूर हा नुसता विस्कटलेल्या अक्षरांचा ढीग. कॉम्प्युटर चोरीला गेला, कुणी उघडून डिस्क काढून नेली, तरी हाती काही लागणार नाही. कृष्णनाथला ती अट फार आवडली होती.

त्याला कारण होतं. दिसेनासं झाल्यापासून त्याचं सगळं दुसऱ्यांनी वाचलेलं होतं. बँकेचे कागद भाऊ वाचायचा, डॉक्टरांची चिठ्ठी आई शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायची. तिशीच्या आत असताना पेडण्याच्या एका घरात त्याच्या लग्नाचं बोलणं लागलं होतं. त्यांचा नकार आला तो पत्रातून. पत्र भावाने सोप्यावर बसून मोठ्याने वाचलं. आई, आत्या, शेजारचे दोघे आणि पत्र घेऊन आलेला पोस्टमन असे सगळे ऐकत होते. कुणाचाच वाईट हेतू नव्हता. कृष्णनाथही सगळ्यांबरोबरच ऐकत होता. आपल्या नावाचं पाकीट आपण एकट्याने कधी उघडलं नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवलं.

आणि आता ही डिस्क. हिच्यात काय आहे ते फक्त त्याला माहीत. पण गंमत अशी की ती उघडायला त्याला दुसऱ्याचे डोळे लागायचे. एरवी त्याचा कॉम्प्युटर बोलायचा. कुठे आहोत, काय लिहिलं, काय चुकलं, सगळं सांगायचा. पण तो बोलणारा आवाज डिस्कवरच होता. म्हणजे कुलपाच्या आत. कुलूप निघेपर्यंत यंत्र मुकं. पट्टी आली की नाही, वाक्य चुकलं की लागलं, सांगणार कोण? सुरुवातीला तो मनात आकडे मोजून अंदाजाने टाईप करायचा. कधी जमायचं. कधी कॉम्प्युटर स्वतःचीच तपासणी करत बसायचा आणि हा अंधारात सात-आठ शब्द बडवून मोकळा व्हायचा. मग एके दिवशी वहिनी म्हणाली, "मी बघतंय ना, त्येत काय एवढा." तेव्हापासून ती रोज येऊन बसू लागली.

वहिनी दोडामार्गाकडची. तिच्या नवऱ्याची, म्हणजे दत्तप्रसादची नोकरी मुरगाव बंदरात क्रेनवर. तो वास्कोला खोली घेऊन राहायचा आणि आठवड्याचा एक दिवस घरी यायचा. बाकीचे दिवस घरात तिघंच: सासू, वहिनी आणि कृष्णनाथ. दोन वर्षांपूर्वी कृष्णनाथला चिकुनगुन्या झाला. बोटं इतकी सुजली की पेला धरवेना. पण काम थांबवून चालणार नव्हतं. तेव्हा त्याने वहिनीला आपलं वाक्य सांगितलं आणि तो बरा होईपर्यंत रोज तिनेच ते टाईप केलं. बोटं बरी झाल्यावर तो पुन्हा स्वतः टाईप करू लागला. ते वाक्य तिला माहीत आहे, याचा दोघांनीही पुन्हा कधी उच्चार केला नाही.

गणपतीची चवथ होऊन गेली होती, त्या सुमाराची गोष्ट. कृष्णनाथने सकाळची पहिली फाईल संपवली आणि दुसरी लावली. कानांत यंत्र, म्हणजे हेडफोन, घातलेलं होतं. फोनवर एक बाई बोलत होती. आधी नुसतं खाकरली. मग म्हणाली, "आयकतात मगो तुमी?"

कृष्णनाथचे हात थांबले. आवाज त्याच्या ओळखीचा होता. फार ओळखीचा. आठवड्यातून दोन-तीनदा तरी तो आवाज त्यांच्या अंगणात यायचा, वहिनीशी हसून बोलायचा, आईची चौकशी करायचा. ती कोण, हे कृष्णनाथने कधीच कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथेही सांगायचं कारण नाही. तिचं पुढचं एक वाक्य त्याने ऐकलं आणि फाईल बंद केली. मग कानांतलं यंत्र काढून त्याने संस्थेत गौरवीला फोन लावला. काम वाटून देण्याचं तीच बघायची.

"गौरवीबाय, आजची दुसरी फाईल मी करत नाही."

"का? आवाज स्पष्ट नाही का?"

"स्पष्ट आहे. म्हणूनच."

गौरवी म्हणाली, "समजलं. तुमच्याकडची पुसून टाका. मी वास्कोच्या आपल्या दुसऱ्या टायपिस्टला देते."

फाईल पुसून झाली. पण तो दिवसभर काही नीट जेवला नाही. आजवर डिस्कवर जे साठलं होतं ते दूरच्या माणसांचं होतं, निदान त्याने तसं मानलं होतं. आता कळलं की ती माणसं दूरची नाहीत. अंगणातली आहेत. आणि डिस्कचं वाक्य घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत होतं. वहिनी कधी काही उघडून बघेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. पण त्या बाईला फोनवर जे सांगितलं गेलं असेल, तेच त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं: हे ध्वनिमुद्रण एकच माणूस ऐकेल. मग ते एकच असायला हवं. ते मोडायचा अधिकार त्याला नव्हता, वहिनी कितीही भली असली तरी.

डिचोलीत बसस्टँडच्या मागे अश्विनीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कृष्णनाथचा कॉम्प्युटर तिनेच विकत आणून दिला होता, बोलता करून दिला होता. बुधवारी बाजाराच्या दिवशी वहिनीबरोबर तो डिचोलीला गेला. वहिनी मासळी बघायला गेली आणि तो दुकानात बसला.

"मला कुणाला न विचारता सकाळी कुलूप काढता आलं पाहिजे," तो म्हणाला. "पट्टी आलेली मला दिसत नाही. आवाज तर आतच अडकलाय."

अश्विनीने हातातलं काम ठेवलं. "थांबा हं, कृष्णनाथदादा. ह्याचा मी कधी विचारच केला नाही. कार्ड असतं तसलं एक. बँकेच्या कार्डासारखं, सोनेरी चीपवालं. चावी कार्डाच्या आत राहते. कार्ड घालायचं, छोटासा आकडा दाबायचा, की कुलूप निघतं."

"पण कार्ड घालून आकडा कधी दाबायचा, ते कळणार कसं?"

"तेच बघते. मी हे कधी केलेलं नाही, आधीच सांगते. थोडा वेळ द्या."

तिने वेळ घेतला. पहिल्यांदा कार्ड वाचायची जी डबी तिने मागवली तिला नुसता दिवा होता. "माझ्या काय कामाचा दिवा?" कृष्णनाथ म्हणाला, आणि दोघंही हसली. दुसरी डबी आली ती चांगली ओंजळभर मोठी, तिच्या अंगावरच आकड्यांची बटणं. जुन्या टेलिफोनसारखी. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा होता. कृष्णनाथने बोट फिरवलं आणि त्याला कचेरीतला आपला टेलिफोन आठवला. ही डबी वाजायची. आकडा हवा असला की एकदा टूं करायची. बटण दाबलं की टिक. आकडा बरोबर लागला की दोनदा टूं, चुकला की एक लांब, रडका सूर. आणि दाबलेला आकडा डबीतून थेट कार्डात जायचा, कॉम्प्युटरलासुद्धा कळायचा नाही.

तरी पहिल्या दिवशी जमलं नाही. अश्विनी सामान घेऊन मुळगावला घरी आली, सगळं जोडलं, कॉम्प्युटर सुरू केला, पण डबी गप्पच. तिने बराच वेळ डोकं खाजवलं. मग तिच्या लक्षात आलं. "हा उठताना अर्धवट झोपेत असतो, दादा," ती म्हणाली. "त्या वेळी ह्याला फार थोडं ठाऊक असतं. एक लहानसं गाठोडं घेऊन उठतो आणि त्यातलंच वापरून कुलूप काढतो. बाकी सगळं कुलपाच्या आत. त्या गाठोड्यात ह्या डबीची ओळख घालायची राहिली." तिने ती घातली. पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू केला.

टूं, डबी म्हणाली.

कृष्णनाथने आकडा दाबला. दोनदा टूं. आणि थोड्या वेळाने तो नाकातला आवाज सुरू झाला. कृष्णनाथने सगळं बंद करायला लावलं आणि पुन्हा एकदा स्वतः केलं. मग तिसऱ्यांदाही केलं.

वहिनी दारात उभी होती. अश्विनीसाठी चहा घेऊन आली होती आणि हे सगळं बघत थांबली होती.

"आता बाकीचं," अश्विनी म्हणाली. "आकडा तीनदा चुकला तर कार्ड बंद पडतं. मग ते सोडवायला दुसरा, मोठा आकडा लागतो. तो मी तुम्हाला एकट्याला सांगून जाईन. दुसरं कार्ड करून ठेवलंय, ते संस्थेत ठेवा, हे हरवलं तर उपयोगी पडेल. आणि ते जुनं वाक्य आहे ना, ते ठेवायचं की काढायचं? ठेवलं तर त्यानेही कुलूप निघत राहील."

वहिनी चहा घेऊन दारातच उभी आहे, हे कृष्णनाथला ठाऊक होतं.

"काढा," तो म्हणाला.

वहिनीने चहा मेजावर ठेवला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी पदेराचा भोंगा वाजला. कृष्णनाथने कार्ड घातलं, डबी वाजली, आकडा दाबला, कॉम्प्युटर बोलू लागला. इतकी वर्षं जे त्याला हवं होतं ते इतक्या सहज झालं, की नंतर काय करावं ते त्याला काही क्षण सुचेना. मग दारात पावलं आली.

"च्या ठेवलंय हां," वहिनी म्हणाली आणि गेली. एकच पेला होता.

असं बरेच दिवस चाललं. वहिनी रागावलेली नव्हती. जेवायला वाढताना तीच, औषधाची आठवण करणारी तीच. फक्त सकाळी ती खोलीत बसत नव्हती आणि बोलताना एक बारीक गाळणी लावल्यासारखी बोलायची. दत्तप्रसाद रविवारी आला, त्याने ती डबी हातात घेऊन पाहिली. "घरात चोर नाय आणि तिजोरी मात्र झाली," तो म्हणाला. वहिनी हसली नाही.

कृष्णनाथला वाटलं होतं, आपण वहिनीवरचं एक ओझं उतरवलं. रोज सकाळी, ऐन कामाच्या वेळी, ती बिचारी आपल्यासाठी अडकून पडते, याची त्याला मनातून लाज वाटत आली होती. पण एके दिवशी सकाळी त्याने फाईल सुरू करायला जरा उशीर केला. कानांत यंत्र नव्हतं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"कमल, आता त्याच्याकडे बसूचा नाय ना तुका? मोकळी आसस तर आडाळो घे आणि नारळ खरवड."

मग आडाळ्यावर नारळाचा खर्र खर्र आवाज सुरू झाला. कृष्णनाथ ऐकत राहिला. म्हणजे, पूर्वी ती जेव्हा इथे बसायची, तेव्हा आई तिला हाक मारत नव्हती. 'कृष्णाचं काम करते आहे' म्हणून. आख्ख्या दिवसात चहाचा एक पेला बसून, शांतपणे, कुणी हाक न मारता पिण्याची तिची तेवढी एकच वेळ होती. ओझं म्हणून त्याने जे उतरवलं, तो तिचा विसावा होता. ऐकून माणूस ओळखतो म्हणवणाऱ्या त्याला शेजारी बसलेल्या माणसाचं एवढं ऐकू आलं नव्हतं.

त्या दुपारी आई झोपली तेव्हा तो उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेला. वहिनी जनेलाच्या उजेडात बसून तांदूळ निवडत होती. तांदळावर बोटं फिरल्याचा आवाज येत होता.

"वयनी," तो म्हणाला, "वाक्य काढून टाकलं त्याचा तुमका वाईट वाटला."

बोटं थांबली नाहीत. "माका कशाक वाईट वाटात?"

"वाटला. माका कळता ता."

आता बोटं थांबली. "भावजी, दोन वर्षां ता वाक्य माका ठाऊक होता. कधी तरी मी हात लावलंय?"

"नाय लावलात. लावचा नाय, ता माका ठाऊक आसा. पण आत जा काय आसा ना, ता माझा नाय. माझा असता तर सगळा तुमका सांगितला असता. लोकांचा आसा. त्येंका शब्द दिलेलो आसा की एकच माणूस आयकतलो म्हणान."

"आणि अचानक आता कित्याक?"

कृष्णनाथ दाराच्या चौकटीवर हात टेकून उभा राहिला. "ता नाय सांगूक येवचा," तो शेवटी म्हणाला.

वहिनीने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. बाहेर कुणाची तरी स्कूटर चढ चढून गेली. मग ती म्हणाली, "बरा. सांगू नकात." आणि तिच्या आवाजातली ती गाळणी गेली होती. सांगता न येणारं काहीतरी असू शकतं, हे तिला पटलं असावं. ते पटल्यावर तिच्या बोलण्यात एक वेगळाच विचार आला.

"माका एक सांगा. ह्या असला कुलूप खंयच्याय कॉम्प्युटराक घालूक येता?"

"येता."

"तुमचो तो जुनो आसा ना, कपाटार ठेवलेलो?"

"आसा. संथ चालता, पण चालता. कित्याक?"

"माका होयो."

कृष्णनाथ हसला. "काय ठेवतल्यात त्यात?"

"काय ठेवचा ता मागीर बघूया," वहिनी म्हणाली. "आधी कुलूप होऊ दे."

तो हसायचा थांबला. या घरात येऊन तिला वीस वर्षं होत आली होती. तिचं कपाट सासूबरोबर एकच. तिचा मोबाईल कुणीही उचलायचं, नवऱ्याचा फोन आला की सासू शेजारी बसून ऐकायची. माहेरची चिठ्ठी-चपाटी, औषधाचा कागद, सगळं घरात सर्वांसमोर. तिला दिसत होतं, तरी तिचं पाकीटही दुसरेच उघडत आले होते.

पुढच्या बुधवारी तो जुना कॉम्प्युटर पिशवीत घालून वहिनी डिचोलीला अश्विनीकडे गेली. कृष्णनाथने बरोबर यायची तयारी दाखवली, तर म्हणाली, "नको, मीच जातंय." अश्विनीने तिला साधी डबी दिली, बटणं नसलेली; वहिनी काही आंधळी नव्हती, तिला पडद्यावर बघून आकडा घालता येत होता. कार्ड मिळालं. "वाढदिवस, लग्नाचा दिवस असलं काही ठेवू नका," अश्विनीने बजावलं, तर वहिनी म्हणाली, "तसला माझ्या डोक्यातच नाय."

पहिल्याच आठवड्यात तिने तीनदा आकडा चुकवला आणि कार्ड बंद पाडलं. कृष्णनाथला तिने ते सांगितलंच नाही. बुधवारी बाजाराला जाते म्हणून गेली, मोठा आकडा घालून कार्ड सोडवून आणलं आणि येताना बांगडेही आणले. पुढे कधीतरी अश्विनीच्या तोंडून त्याला हे कळलं.

सकाळचं पुन्हा पहिल्यासारखं झालं, पण पहिल्यासारखं नव्हतंही. पदेराचा भोंगा वाजायचा. वहिनी दोन पेले घेऊन यायची. मेजाच्या एका बाजूला कृष्णनाथ, दुसऱ्या बाजूला ती. इकडे डबी टूं करायची. तिकडे संथ कॉम्प्युटर घुरघुरत उठायचा. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कमल, खंय गेलंस?" आणि वहिनी उत्तर द्यायची, "भावजींच्या खोलीत आसंय, कामात." ते खोटं नव्हतं. कृष्णनाथने आईला एवढंच सांगितलं होतं की वहिनी टायपिंग शिकते आहे आणि अर्धा तास तिला हाक मारायची नाही. आई आधी कुरकुरली. मग नारळ स्वतःच खरवडू लागली.

कानांत यंत्र घालण्याआधी कृष्णनाथला वहिनीच्या बोटांचा आवाज ऐकू यायचा. सुरुवातीला एक टिक, मोठी शांतता, पुन्हा एक टिक. हळूहळू त्या शांतता आखूड झाल्या. ती काय लिहिते, हे त्याने कधी विचारलं नाही. कधी बोटं भराभर चालायची, कधी ती नुसतीच बसून राहायची आणि चहाचे घोट ऐकू यायचे. एकदाच तिने विचारलं, "भावजी, जोडाक्षर कसा काढतत? 'क्ष' माका गावना नाय." त्याने तिला कुठली दोन बटणं ते सांगितलं. मागे दोन-चार टिकटिक ऐकू आल्या आणि ती समाधानाने "हां" म्हणाली.

तो आवाज अंगणात अजूनही येतो. ज्या बाईचा आवाज फाईलमध्ये होता, ती अजूनही येऊन वहिनीशी बोलते, आईची चौकशी करते. पहिले काही दिवस कृष्णनाथ तिच्याशी बोलताना अवघडायचा, घरात निघून जायचा. मग त्याला वाटलं, हे बरं नाही. तिला काही कळायचं नाही, पण तिच्याशी वागणं बदललं तर तेही एक प्रकारे सांगून टाकल्यासारखंच. आता तो सोप्यावर बसतो, दोन शब्द बोलतो. अलीकडे तिचं हसणं जरा मोकळं झालंय असं त्याला वाटतं. खरंच झालंय की नाही, ते विचारता येण्यासारखं नाही.

डिसेंबरात गौरवीचा फोन आला. संस्थेने पेडण्यातल्या कोरगावची विनोदिनी नावाची एक बाई कामाला घेतली होती. ती जन्मापासून न दिसणारी, आणि तिचीही तीच अडचण: सकाळी कुलूप काढायला भावाची वाट बघत बसायची, भाऊ उशिरा उठायचा. "तुम्ही येऊन दाखवाल का?" गौरवीने विचारलं.

कृष्णनाथ आणि वहिनी डिचोलीहून बसने पणजीला गेले. संस्थेच्या मागच्या खोलीत विनोदिनी बसली होती. वय पंचवीस-सव्वीस, बोलणं भराभर. कृष्णनाथने तिचा हात डबीवर ठेवला, पाचाच्या बटणावरचा उंचवटा दाखवला, कार्डाची चीप कुठल्या बाजूला ते अंगठ्याने चाचपून घ्यायला शिकवलं. टूं म्हणजे काय, टिक म्हणजे काय, लांब सूर म्हणजे काय, सगळं सांगितलं.

"आणि घाय करू नकात," वहिनी मागून म्हणाली. "पयल्या फटक्याक चुकला तर थांबा, श्वास घ्या. तीनदा चुकला की कार्ड बसता रुसून. माझा बसलेला."

"तुमचंही असंच कार्ड आहे?" विनोदिनीने तिच्याकडे तोंड वळवलं.

"आसा."

"तुम्ही पण टायपिंगचं काम करता?"

"नाय," वहिनी म्हणाली. "माझा आपला माझ्यापुरता."

विनोदिनीने पुढे काही विचारलं नाही. तिने कार्ड काढलं, पुन्हा घातलं, डबी वाजेपर्यंत मान किंचित वाकवून थांबली आणि मग सावकाश आकडा दाबला.

परतीच्या बसला गर्दी होती. कुणीतरी उठून कृष्णनाथला जागा दिली, वहिनी त्याच्या खांद्याशी दांडा धरून उभी राहिली. पर्वरीच्या पुढे तिलाही जागा मिळाली. पुढच्या सीटवरचा माणूस मोबाईलवर कुणाशी तरी मुलीच्या ॲडमिशनबद्दल तावातावाने बोलत होता, सगळ्या बसला ऐकू जात होतं. डिचोलीला उतरून दोघांनी बाजारातून भाजी घेतली आणि मुळगावची बस पकडली.

आठवड्याने विनोदिनीचा फोन आला. भाऊ झोपलेला असताना तिने कुलूप काढलं होतं आणि तो उठायच्या आत एक आख्खी फाईल संपवली होती. "त्याला वाटलं मी अजून वाट बघत बसलेय," ती म्हणाली.

कृष्णनाथने तिला तिची मात्रांची एक चूक सांगितली, जी गौरवीने त्याला कळवली होती, आणि ती कशी टाळायची तेही सांगितलं. मग फोन ठेवला. मेजाच्या पलीकडे वहिनीची बोटं चालू होती. त्याने कानांत यंत्र घातलं आणि दिवसाची फाईल लावली.